नव्या बायोटेक कंपनीसाठी भागीदारी: पहिल्या ओळखीपासून करार संपेपर्यंत

नव्या बायोटेक कंपनीकडे एखादं तंत्रज्ञान असतं, मोजकी माणसं असतात आणि ठरावीक महिने पुरेल इतका पैसा असतो. प्राण्यांवरच्या सुरक्षितता चाचण्या, दर्जेदार उत्पादन, रुग्णांवरच्या चाचण्या हे सगळं तिला एकटीने झेपत नाही, म्हणून भागीदार शोधावा लागतो. तो शोधताना प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारत राहा: उद्या हा भागीदार निघून गेला तर आपल्या हातात काय उरेल? मोठ्या कंपन्यांचे प्राधान्यक्रम बदलतात, अख्खे विभाग बंद होतात, आणि उत्तम चाललेला प्रकल्पही त्यात थांबतो. तसं झालं तरी तुमची कंपनी उभी राहावी, अशी तयारी पहिल्या दिवसापासून करता येते.

१. गरज एका वाक्यात लिहा

‘आम्हाला औषध कंपनीशी भागीदारी हवी आहे’ या वाक्यावरून पुढे काहीच करता येत नाही. ‘आमच्या प्रतिपिंडाची विषाक्तता चाचणी येत्या वर्षात पूर्ण करायची आहे, त्यासाठी पैसा आणि त्या प्रकारच्या चाचणीचा अनुभव हवा आहे’ असं लिहिलं की कोणाकडे जायचं ते कळतं आणि कोणाकडे जायचं नाही तेही.

मग पाहा, हे काम पैसे देऊन करून घेता येतं का? येत असेल तर कंत्राटी संशोधन संस्थेकडून किंवा कंत्राटी उत्पादकाकडून करून घ्या. सेवा विकत घेतली तर निकाल आणि हक्क साधारणपणे तुमच्याकडेच राहतात. भागीदारीत मात्र ते वाटून घ्यावे लागतात. रोख वाचवण्यासाठी हक्क देऊन टाकणं हा सुरुवातीच्या काळातला सर्वांत महागडा सौदा असतो.

भागीदारांचे स्वभावही वेगवेगळे असतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खोल ज्ञान आणि रोगाची प्राणी-प्रारूपं (तो रोग निर्माण केलेले प्रयोगाचे प्राणी) मिळतात, पण तिथे करार हळू चालतात आणि शोधनिबंध छापणं ही त्यांची खरी गरज असते. रुग्णालयाकडे नमुने आणि रुग्ण असतात. दुर्मिळ आजारांत रुग्ण संघटनांकडे रुग्णनोंदी आणि आजार कसा वाढत जातो याची माहिती असते, आणि ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. दुसरी छोटी कंपनी झटपट निर्णय घेते, मात्र तिचाही पैसा तुमच्याइतकाच लवकर संपू शकतो.

२. मालकीची कागदपत्रं जुळवा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. तुम्ही देऊ करताय ते खरोखर तुमच्या मालकीचं आहे, हे कागदावर सिद्ध करता आलं पाहिजे. प्रत्येक संशोधक, विद्यार्थी, सल्लागार आणि पाहुणा अभ्यासक यांच्याकडून शोधाच्या हस्तांतरणाची सही घ्या. त्यातली शब्दरचना वकिलाकडून तपासून घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश हा खटला याच मुद्द्यावर उभा राहिला होता. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात ‘हक्क हस्तांतरित करण्याचं मान्य करतो’ असं होतं. पुढे सीटस कंपनीत पीसीआर तंत्र शिकायला गेल्यावर त्याने सही केलेल्या कागदावर ‘याद्वारे हस्तांतरित करतो’ असं होतं. पहिलं वाक्य पुढचं आश्वासन ठरलं, दुसऱ्याने हक्क तिथेच गेले. सीटसचा पीसीआर व्यवसाय नंतर रोश या औषध कंपनीने घेतला आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल रोशच्या बाजूने लागला. संस्थापकांपैकी कोणी आधी विद्यापीठात काम केलं असेल, तर त्या काळातला प्रत्येक कागद काढून वाचा.

पेटंटचा पहिला अर्ज कोणत्याही जाहीर मांडणीआधी करा. अमेरिकेत संशोधकाच्या स्वतःच्या प्रकटीकरणाला एका वर्षाची सवलत मिळते. युरोपात ती जवळपास नाहीच. परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, संकेतस्थळावर टाकलेला सारांश हे सगळं जाहीर मांडणीत येतं. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच अर्ज) करावा लागतो आणि बहुतेक देशांत ३० महिन्यांच्या आत देशवार अर्ज करावे लागतात. त्या ३०व्या महिन्याला भाषांतरं आणि देशोदेशींचे वकील यांचा खर्च एकदम वाढतो. त्यामुळे भागीदाराशी गंभीर बोलणी १५व्या ते १८व्या महिन्याच्या सुमारास सुरू झालेली असावीत. उशिरा सुरू केलीत तर कोणते देश सोडायचे हे तुमचं रिकामं खातं ठरवेल.

फ्रीझरही तपासा. विद्यापीठांमध्ये नमुने देण्याघेण्यासाठी १९९५ पासून वापरात असलेला यूबीएमटीए हा प्रमाणित करार फक्त अध्यापन आणि शैक्षणिक संशोधनाला परवानगी देतो. त्या अटीवर आलेलं प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) किंवा पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) तुमच्या मुख्य उत्पादनात असेल, तर भागीदाराचा वकील ते शोधून काढेलच. लवकर बदला किंवा व्यावसायिक परवाना घ्या. शैक्षणिक वापरापुरतं मोफत असलेल्या सॉफ्टवेअरचंही तेच. रुग्णांचे नमुने वापरले असतील तर त्यांच्या संमतीपत्रात व्यावसायिक वापर आणि तिसऱ्या पक्षाकडे हस्तांतरण यांचा स्पष्ट उल्लेख हवा. तो नसेल तर कितीही उत्तम निकाल असला तरी त्यावर करार उभा राहत नाही.

३. दुसऱ्याच्या हातात टिकेल असा डेटा तयार करा

२०१२ मध्ये ॲमजेन या बायोटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांची पुनर्तपासणी केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातल्या फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले. औषध कंपन्या तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, बाहेरच्या डेटाकडे संशयाने पाहतात. हा संशय गृहीत धरूनच तयारी करा.

किमान एवढं हवं: मात्रा वाढवली की परिणाम कसा बदलतो याचा पूर्ण आलेख (एकाच मात्रेचा स्तंभ पुरेसा नाही), धन आणि ऋण नियंत्रणं (परिणाम दिसायलाच हवा आणि दिसायलाच नको असे तुलनेचे नमुने), वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या चाचणीने मिळालेला तोच निष्कर्ष, वेगवेगळ्या उत्पादन तुकड्यांमधून आलेले निकाल, आणि शक्य असेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेने नमुन्यांची ओळख लपवून केलेली एक पुनरावृत्ती. बाजारात उपलब्ध असलेल्या किंवा चाचण्यांत पुढे असलेल्या स्पर्धक औषधाशी शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना नसेल, तर पहिल्याच भेटीत तिच्याबद्दल विचारलं जातं.

तुमची कल्पना चुकीची ठरवू शकेल असा एक प्रयोग असतो. तो स्वतःच करा आणि आधी करा. फसलेले निकालही नोंदवून ठेवा. कुठे चालत नाही हे सांगणाऱ्या कंपनीवर, कुठे चालतं या तिच्या दाव्याबाबत अधिक विश्वास ठेवला जातो.

४. यादी करा आणि योग्य माणसापर्यंत पोहोचा

ज्या कंपन्यांनी त्या आजारात काम थांबवल्याचं जाहीर केलंय त्या वगळा. ज्यांच्याकडे तुमच्यासारखंच औषध आहे त्यांचा दोनदा विचार करा. त्यांना कदाचित तुमचं औषध विकसित करायचं नसेल, फक्त पाहायचं असेल. ज्यांचं महत्त्वाचं पेटंट संपत आलंय किंवा ज्यांनी नुकतीच त्या क्षेत्रात गुंतवणूक केली आहे त्या वर घ्या.

प्रत्येक कंपनीत दोन माणसं शोधा: व्यवसाय विकास किंवा ‘सर्च अँड इव्हॅल्युएशन’ (बाहेरची औषधं शोधून पारखणाऱ्या) गटातला एक आणि त्या आजारावर काम करणारा एक शास्त्रज्ञ. पहिला दार उघडतो. आतल्या बैठकीत तुमची बाजू मांडतो तो दुसराच. तो मिळाला नाही तर बोलणी गोड शब्दांत लांबत राहतात.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जानेवारीत होणाऱ्या जे. पी. मॉर्गन परिषदेचा आठवडा, बायो कन्व्हेन्शन, बायो-युरोप अशा ठिकाणी अर्ध्या तासाच्या भेटी आधी ठरवून मिळतात. त्या अर्ध्या तासात दहा मिनिटं बोला आणि उरलेला वेळ प्रश्न विचारा: कोणता डेटा पाहिल्यावर तुम्ही पुढे जाल? निर्णय कोणती समिती घेते? ती कधी बसते? भेटीतून न्यायची खरी गोष्ट म्हणजे ही उत्तरं.

सोबत एक पानाचा सारांश आणि १० ते १२ स्लाइड्सचं गोपनीय नसलेलं सादरीकरण ठेवा. त्यात जैविक तत्त्व, परिणामाचा आलेख, पेटंटची स्थिती आणि तुमची मागणी असावी. रेणूची रचना, जनुकीय क्रम, उत्पादनाची कृती त्यात नको.

५. गोपनीयता करार

काही पानांचाच असतो, म्हणून न वाचता सही केली जाते. दोन्ही बाजूंना बांधणारा करार मागा. माहिती कोणत्या कारणासाठी दिली हे नेमकं लिहा. ‘सहकार्याची शक्यता तपासणे’ एवढंच कारण असावं. गोपनीयता पाच वर्षं टिकावी आणि व्यापार-गुपितांसाठी ती गुपित असेपर्यंत टिकावी. तोंडी सांगितलेली माहिती ३० दिवसांत लेखी कळवली तरच गोपनीय मानली जाईल, अशी अट असेल तर प्रत्येक भेटीनंतर टिपण पाठवायची सवय लावा.

एका कलमापासून सावध राहा. ‘कर्मचाऱ्यांच्या स्मरणात राहिलेली माहिती वापरता येईल’ या अर्थाचं कलम, ज्याला ‘रेसिड्युअल्स’ म्हणतात, ते काढून टाकायला सांगा. समोरचा नाही म्हणाला तर करार करा, पण जे लक्षात ठेवून वापरता येईल असं काही दाखवू नका.

६. नमुना पाठवून केलेला पहिला प्रयोग

बहुतेक भागीदाऱ्या इथे जमतात किंवा मोडतात, आणि मोडण्याचं कारण अनेकदा विज्ञान नसतं. तुमचा पदार्थ त्यांच्या हातात चालला नाही म्हणजे तो चालतच नाही, असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात वाटेत तो वितळलेला असतो, त्यांच्या पेशी जास्त वेळा वाढवून थकलेल्या असतात किंवा सीरमची तुकडी वेगळी असते.

नमुना पाठवण्याआधी मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट म्हणजे एमटीए करा. त्यात या गोष्टी हव्यात: नमुन्याचं विश्लेषण करून रचना किंवा क्रम शोधायचा नाही, माणसांवर वापरायचा नाही, तिसऱ्याला द्यायचा नाही, उरलेला परत करायचा किंवा नष्ट करून तसं कळवायचं, कच्च्या डेटासह सगळे निकाल तुम्हाला मिळायला हवेत, आणि तुमच्या पदार्थात झालेल्या सुधारणांचे हक्क तुमच्याकडे. कच्चा डेटा हा शब्द आग्रहाने लिहा. ‘निष्कर्ष कळवू’ म्हणजे तीन ओळींचा ईमेल येऊ शकतो.

मग दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी सही केलेला प्रयोगाचा आराखडा: किती मात्रा, किती पुनरावृत्त्या, कोणती नियंत्रणं आणि यश कशाला म्हणायचं. यशाचा आकडा प्रयोगाआधी ठरलेला हवा. नाहीतर निकाल आल्यावर ‘आम्हाला थोडं जास्त अपेक्षित होतं’ असं ऐकावं लागतं.

पाठवणीचा तपशील सोडू नका:
• पदार्थ छोट्या भागांत विभागून गोठवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही. लागतील त्याच्या निदान दुप्पट नळ्या पाठवा आणि त्याच तुकडीच्या काही स्वतःकडे राखून ठेवा.
• सोबत तुमच्याकडे खात्रीने चालणारं धन नियंत्रण पाठवा. त्यांच्याकडे तेही चाललं नाही, तर दोष चाचणीत आहे हे सिद्ध होतं.
• कोरड्या बर्फाच्या पेटीवर यूएन १८४५ ची आणि ‘ब’ वर्गातल्या जैविक पदार्थांवर यूएन ३३७३ ची खूण लागते (हे धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत). पेटी हवाबंद करू नका. बर्फाचा वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती फुटू शकते.
• बर्फ अपेक्षित प्रवासापेक्षा दोन दिवस जास्त पुरेल एवढा भरा आणि तापमान नोंदवणारं यंत्र आत ठेवा.
• सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शुक्रवारी निघालेली पेटी सीमाशुल्क विभागात शनिवार-रविवार पडून राहते.

चाचणी अवघड असेल तर तुमचा माणूस आठवडाभर त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवा. लेखी कृतीत न उतरलेल्या गोष्टी, जसं की पेशी किती दाट असताना औषध घालायचं, शेजारी उभं राहिल्यावरच दिसतात.

असा छोटा प्रयोग पुढे फार उपयोगी पडतो. बायोएनटेक आणि फायझर २०१८ पासून इन्फ्लुएन्झाच्या एमआरएनए लशीवर एकत्र काम करत होत्या. मार्च २०२० मध्ये कोविड लशीसाठी त्यांनी आधी साहित्य हस्तांतरण आणि सहकार्याचा करार करून काम लगेच सुरू केलं. आर्थिक आणि इतर सविस्तर अटींची बोलणी त्यानंतरही चालू होती.

७. टर्म शीट

मुख्य कराराआधीच्या या कागदात दोन-तीन पानांत मुख्य अटी येतात. बहुतेक कलमं बंधनकारक नसतात, पण इथे सोडलेला मुद्दा मुख्य करारात परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. वकील इथेच आणा, आणि तो जैविक तंत्रज्ञानाचे परवाने केलेला असावा.

रक्कम. जाहीर होणारा मोठा आकडा बहुतांश टप्प्यांवर अवलंबून असतो आणि त्यातले बरेच टप्पे कधीच येत नाहीत. तुमच्या अंदाजपत्रकात फक्त सहीच्या वेळची रक्कम, संशोधकांच्या वेळेचा मोबदला आणि येत्या दीड-दोन वर्षांत तुमच्या हातात असलेले टप्पे धरा. टप्प्याची व्याख्या बाहेरच्या माणसालाही तपासता येईल अशी हवी: ‘पहिल्या रुग्णाला पहिली मात्रा दिली’ ही चांगली व्याख्या आहे, ‘समाधानकारक निकाल’ ही नाही.

क्षेत्र आणि प्रदेश. सगळ्या आजारांसाठी, सगळ्या जगासाठी हक्क देऊ नका. पण क्षेत्र असं आखा की विक्री मोजता येईल. १९८५ मध्ये ॲमजेनने एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या औषधाच्या करारात अमेरिकेतला डायलिसिसचा वापर स्वतःकडे ठेवला आणि इतर वापर जॉन्सन अँड जॉन्सनच्या ऑर्थो कंपनीला दिले. औषध मुळात एकच, त्यामुळे कोणाची बाटली कोणत्या रुग्णाला गेली यावर पुढे कितीतरी वर्षं लवाद चालला.

रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरावीक वाटा. कोणत्या विक्रीवर, हा प्रश्न टक्क्याइतकाच महत्त्वाचा आहे. जेनेनटेक ही बायोटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप ही वैद्यकीय संशोधन संस्था यांच्या १९७६ च्या करारात २ टक्के रॉयल्टी होती. जेनेनटेकने इतर कंपन्यांना दिलेल्या परवान्यांवरही ती लागू होते का, यावर वाद झाला आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३० कोटी डॉलरची भरपाई कायम ठेवली. उपपरवाने, एकत्रित औषधं, पेटंट संपल्यानंतरचा काळ या तिन्हींसाठी उदाहरणादाखल गणित करारालाच जोडा.

संयुक्त मालकी. ऐकायला न्याय्य वाटते, म्हणून ती सहज मान्य होते. अमेरिकेत सहमालक दुसऱ्याला न विचारता आणि वाटा न देता पेटंट वापरू शकतो, पण दावा लावायला सहसा सगळ्या मालकांना एकत्र यावं लागतं. अनेक देशांत सहमालकाच्या संमतीशिवाय परवानाच देता येत नाही. त्यापेक्षा विषयानुसार वाटणी करा: तुमच्या तंत्रज्ञानातल्या सुधारणा कोणीही केल्या तरी तुमच्या, त्यांच्या तंत्रज्ञानातल्या त्यांच्या, आणि दोघांना लागतील ते परवाने एकमेकांना.

पर्याय आणि पहिला हक्क. पर्याय म्हणजे परवाना घ्यायचा की नाही हे नंतर ठरवण्याचा भागीदाराचा राखीव हक्क. त्याला किंमत हवी आणि शेवटची तारीखही हवी. अंतिम अहवाल मिळाल्यापासून ९० दिवस, असं काहीतरी. ‘बाहेरच्याचा प्रस्ताव आला की त्याच अटींवर आम्हाला आधी’ हा हक्क देऊ नका. दुसरा कोणी मग वेळ घालवून प्रस्ताव मांडतच नाही. ठरावीक दिवस आधी बोलणी करण्याचा हक्क त्या मानाने निरुपद्रवी असतो.

काम करण्याचं बंधन. एकाधिकार घेऊन औषध कपाटात ठेवलं जाऊ नये यासाठी ‘वाजवी प्रयत्न’ या शब्दांवर विसंबू नका. कोणत्या तारखेपर्यंत कोणतं काम सुरू व्हायला हवं ते लिहा. न झाल्यास एकाधिकार संपावा.

८. निरोपाची कलमं आधी लिहा

बोलणी गोडीत असतानाच हे लिहून घ्यावं लागतं. भागीदार बाहेर पडला तर हक्क तुमच्याकडे परत यावेत. त्यासोबत सगळा डेटा, नियामकांकडे केलेल्या अर्जांचे हक्क, तयार साठा, उत्पादनाची कृती आणि चालू रुग्णचाचणी पूर्ण होईपर्यंतचा पुरवठाही यावा. प्रकल्पात त्यांनी स्वतःचं काही तंत्रज्ञान मिसळलं असेल तर ते वापरण्याचा परवाना आताच मागा. हे राहिलं तर हक्क परत येतात, पण औषध बनवता येत नाही. तुमची कंपनी उद्या कोणी विकत घेतली तर करार तिच्यासोबत जाईल, हेही स्पष्ट लिहा. भागीदाराच्या परवानगीशिवाय कंपनी विकताच येत नसेल तर गुंतवणूकदार मागे हटतात.

डेटा रूममध्ये (भागीदाराला तपासायला कागद ठेवायच्या जागेत) आधीच ठेवायचे कागद:
• शोध-हस्तांतरणाची सगळी पत्रं आणि विद्यापीठाचा परवाना
• पेटंट अर्ज, शोध अहवाल आणि मुदतींचा तक्ता
• भागधारकांची यादी आणि अनुदानांच्या अटी
• प्रत्येक पेशीरेषा आणि प्लाझ्मिड कुठून आलं त्याची नोंद
• संमतीपत्रं आणि नीतिशास्त्र समित्यांच्या मंजुऱ्या
• मुख्य प्रयोगांचे अहवाल, कच्च्या डेटासह
• आतापर्यंतचे सगळे गोपनीयता करार आणि एमटीए

९. सही झाल्यावर

दोन्ही बाजूंचे समसमान सदस्य असलेली संयुक्त समिती तिमाहीला भेटते. एकमत झालं नाही तर कोणाचा शब्द अंतिम, हे विषयवार ठरलेलं असावं. रुग्णचाचणीबद्दल पैसे देणाऱ्याचा शब्द चालू द्या; तुमच्या मूळ तंत्रज्ञानाबद्दल तुमचाच राहू द्या, आणि समितीला करार बदलण्याचा अधिकार देऊ नका.

रोजचं काम समितीत होत नाही. आठवड्याला अर्ध्या तासाचा शास्त्रज्ञांचा फोन ठेवा आणि त्याच दिवशी टिपण पाठवा. संबंध सांभाळायला एकच जबाबदार माणूस नेमा. छोट्या कंपनीत तो पूर्णवेळ नसला तरी चालेल, पण कोण ते ठरलेलं असावं. वाईट निकाल आला की दोन-तीन दिवसांत कळवा, कारण आणि पुढचा प्रयोग सोबत जोडून. तुमची बाजू मांडणारा शास्त्रज्ञ नोकरी सोडू शकतो, म्हणून त्या कंपनीत दुसरी ओळख पहिल्या सहा महिन्यांतच तयार करा. कामाची व्याप्ती वाढली तर लेखी दुरुस्तीशिवाय वाढीव काम सुरू करू नका. त्या वाढीव कामातूनच मालकीचे वाद निघतात.

१०. भागीदार निघाला तर पहिले ३० दिवस

समाप्तीची सूचना मिळाल्यावर त्याच आठवड्यात हस्तांतरणाची यादी पाठवा: डेटा, साठा, पेशी-बँक, नियामक पत्रव्यवहार, पेटंटच्या येऊ घातलेल्या मुदती. मुदती सर्वांत आधी पाहा, कारण शुल्क ते भरत होते आणि ते थांबतं तेव्हा कोणी आठवण करत नाही. प्रकल्प का थांबवला हे सांगणारं पत्र मागा. कारण धोरणात्मक असेल आणि औषधातला दोष नसेल, तर तसं लेखी असणं पुढच्या भागीदारासमोर फार मोलाचं ठरतं. प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा दोघांनी मिळून मंजूर करा. ज्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष काम केलं त्यांच्याशी एक शेवटची सविस्तर बैठक घ्या आणि अहवालात न आलेल्या गोष्टी लिहून घ्या. महिनाभरात त्यांना दुसरे प्रकल्प मिळालेले असतात.